टर्की, सारणासह

सन एकोणीसशे पंचावन्नच्या डिसेंबरात, चार तारखेला, नांदखेड्याच्या डाक बंगल्याच्या खानसाम्याला एका पक्ष्याच्या पोटात सारण भरण्याचा सरकारी हुकूम मिळाला. पक्षी एक होता, पोट एक होतं आणि खानसाम्याला काम येत होतं. त्यामुळे यात काही अडचण येईल असं कोणालाही वाटलं नाही. सरकारी कामात अडचणी बहुधा अशाच ठिकाणी येतात.

खानसाम्याचं नाव इसाक. बंगल्याच्या चुलीपुढे त्याची चौदा वर्षं गेली होती आणि ही चौदाही वर्षं तो हंगामी होता. दर साल एकतीस मार्चला सरकार त्याला कामावरून कमी करी आणि दोन एप्रिलला पुन्हा नेमी. मधला एक दिवस तो बेकार असे. त्या दिवशी बंगल्यावर कोणी साहेब उतरलाच तर इसाक स्वयंपाक करी, पण तो खाजगी माणूस म्हणून करी, आणि साहेबाने तशी समजूत करून घेऊन जेवावं अशी कचेरीची अपेक्षा असे. इंग्रज गेले, राज्य आपलं झालं, बंगल्यावरचा झेंडा बदलला, खुर्च्यांचा वेतसुद्धा नवा झाला. इसाक तेवढा जुन्या राज्यात होता तसाच नव्यात राहिला.

बंगल्याच्या मागे दोन कौलारू खोल्या होत्या. दारावर पाटी होती, 'कायम खानसाम्यासाठी', आणि पाटीखाली कुलूप होतं. कायम खानसामा कधी झालाच नाही, म्हणून कुलूपही कधी निघालं नाही. इसाक, त्याची बायको मेहरुन आणि तीन मुलं गावाच्या दुसऱ्या टोकाला तेलघाणीमागच्या एका खोलीत राहत. मेहरुनने त्या दोन खोल्या दाराच्या फटीतून इतक्यांदा पाहिल्या होत्या की चूल कुठे मांडायची आणि पाण्याचा रांजण कुठे ठेवायचा, हे तिचं केव्हाच ठरून गेलं होतं. फक्त सरकारचं ठरायचं राहिलं होतं.

हुकूम वाचून दाखवला मामलेदार कचेरीतल्या अव्वल कारकुनाने. लीलाधर त्याचं नाव. माणूस मनाने वाईट नव्हता, पण त्याचा नियमांवर इतका विश्वास होता की घराला आग लागली असती तर त्याने आधी आवक क्रमांक विचारला असता. त्याने चष्मा पुसला आणि सुरुवात केली.

"अमेरिकेतले गवताचे तज्ज्ञ, हॅरिससाहेब, पिंपळनेरकडची कुरणं पाहून पंचवीस तारखेला आपल्या बंगल्यावर येताहेत. त्या दिवशी त्यांचा नाताळ. मुंबईचा हुकूम असा की, 'सदर पाहुण्यांच्या मेजावर टर्की पक्षी सारणासह ठेवण्यात यावा.' पक्षी मुंबईहून रेल्वेने येईल. काय रे इसाक, येतं का तुला हे?"

"येतं ना भाऊसाहेब," इसाक म्हणाला. "माझे उस्ताद हबीबचाचा इंग्रज कलेक्टराला दर नाताळात करून घालायचे. पाव शिळा करायचा, कुस्करायचा, लोण्यात कांदा परतायचा, मनुका, दाणे, मसाला घालायचा. पोटात भरून शिवून टाकायचं आणि मंद आचेवर चार तास. मी स्वतः दोऱ्याने शिवलेलं आहे."

लीलाधर खूष झाला. "मग ऐक. ही मेजवानी बिनबोभाट पार पाडलीस आणि साहेबांनी बुकात चार चांगले शब्द लिहिले, तर तुला कायम करण्याचा प्रस्ताव मी माझ्या हाताने वर पाठवतो."

इसाक घरी गेला तो जमिनीला पाय न लावता गेला. मेहरुनने त्याच संध्याकाळी रांजण घासून ठेवला.

चौदा तारखेला पक्षी चाळीसगाव स्टेशनात उतरला. वेताच्या करंडीत, जिवंत, आणि प्रवासामुळे चिडलेला. बंगल्याच्या आवारात करंडी उघडल्याबरोबर त्याने पिसारा फुलवला, लाल गळा हलवला आणि अशा आवाजात ओरडला की समोरच्या शाळेतली मुलं सुट्टी झाली समजून बाहेर आली. भाजी घालायला आलेली बेबाबाई टोपली डोक्यावर तशीच ठेवून त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली.

"इसाकभाऊ, हाई काय शे? मोर शे का कोंबडा?"

"टर्की शे, अक्का. अमेरिकन साहेब खाणार."

"इतला मोठा? मंग ते साहेबनं पोट केवढं व्हई!"

आता नियम असा होता की तालुक्यात बाहेरून जे सरकारी जनावर येईल त्याची तपासणी झाली पाहिजे. म्हणून ढोरांच्या दवाखान्यातून डॉक्टर अभिमन पाटील आले. कॉलेजातून बाहेर पडून त्यांना वर्षही झालं नव्हतं, आणि आजवर त्यांनी बैलांच्या खांदेसुजीखेरीज काही पाहिलं नव्हतं. त्यांनी पक्ष्याचे डोळे पाहिले, पाय पाहिले, वजन केलं, आणि अगदी मनापासून लिहिलं: 'नर. तब्येत उत्तम. जात सुधारित.' पुढच्या रकान्यापाशी मात्र त्यांचा टाक थांबला.

फॉर्म छापील होता आणि तो गुराढोरांसाठी छापलेला होता. 'उपयोग' या रकान्यात तीनच शब्द होते: दूध, ओढकाम, पैदास. नको ते खोडायचं होतं.

"खाण्यासाठी असं कुठे लिहू?" डॉक्टरांनी विचारलं.

"तसा शब्द छापलेला नाही," लीलाधर म्हणाला. "हाताने काही वाढवायचं नाही, फॉर्म रद्द होतो. तुम्ही असं करा, जे लागू नाही ते खोडा. हा दूध देतो का?"

"नाही."

डॉक्टरांनी दूध खोडलं.

"गाडी ओढतो का?"

डॉक्टरांनी पक्ष्याकडे पाहिलं. पक्ष्याने डॉक्टरांकडे पाहिलं. ओढकामही खोडलं गेलं.

"मग जे उरलं ते खरं," लीलाधर म्हणाला, आणि त्याने खाली गोल शिक्का मारला.

इसाक बाजूला उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण चौदा वर्षांत शिक्क्याचा आवाज त्याला ओळखू येऊ लागला होता. हा आवाज त्याला बरा वाटला नाही.

त्याची शंका तीन दिवसांत खरी ठरली. सारणाच्या सामानाची मंजुरी घ्यायला तो कचेरीत गेला तेव्हा लीलाधर कागदावर कागद ठेवून डोकं धरून बसला होता.

"इसाक, भानगड झाली आहे. पक्षी पैदाशीचा ठरला. सुधारित जातीचं पैदाशीचं सरकारी जनावर वरच्या मंजुरीशिवाय कापता येत नाही."

"पण भाऊसाहेब, तो कापायलाच आणला आहे!"

"आणला असेल. पण आल्यावर तो कोण ठरला, हे महत्त्वाचं. तू घाबरू नकोस, मी मंजुरी मागवतो. तोवर तू सारणाचं बघ."

सारणाची मंजुरी मात्र चटकन मिळाली, कारण तिच्यात कोणाचा जीव जाणार नव्हता. मुंबईहून आलेल्या इंग्रजी कृतीत चेस्टनट नावाचं फळ होतं. ते खानदेशात होत नाही म्हणून त्याजागी भुईमुगाचे दाणे मंजूर झाले. दोन चमचे शेरी दारू होती. दारूबंदीच्या राज्यात कागदावर तो शब्द ठेवणंही जोखमीचं, म्हणून त्याजागी दोन चमचे ताक मंजूर झालं. पाव, लोणी, मनुका, कांदे चाळीसगावहून आले. मंजुरीच्या शेवटी लीलाधरने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सदर जिन्नस पंचवीस तारखेच्या आत पक्ष्याच्या पोटात घालण्यात यावेत. न घातल्यास मंजुरी रद्द समजावी.'

इकडे पक्षी दिवसेंदिवस सरकारी होत चालला. थंडी वाढली तेव्हा पैदाशीच्या जनावराला देतात तसं त्याला कांबळं मिळालं. रात्रीच्या राखणीला कोतवाल मिळाला. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या जोडून माणसं त्याला बघायला येऊ लागली. कोणी नारळ ठेवून गेलं, कोणी दोन आणे. इसाकला रोज सकाळी त्याच्यापुढे ज्वारी टाकावी लागे आणि तो खातो आहे का याचा तोंडी अहवाल द्यावा लागे. दहा दिवसांनी ज्याला सुरी लावायची, त्याची तब्येत अशी रोज विचारायची म्हणजे माणसाचा हात ढिला पडतो. चौथ्या दिवशी पक्षी इसाकची चाहूल लागताच धावत येऊ लागला तेव्हा इसाकने तोंड फिरवलं, आणि पाचव्या दिवशी ज्वारीत थोडा गूळ मिसळला.

तेवीस तारखेला दुपारी वरून उत्तर आलं. लीलाधरने ते उभ्यानेच वाचलं. पैदाशीचं जनावर नाकाम असल्याचा दाखला असेल तरच त्यास कापण्याची परवानगी मिळेल. नाकाम ठरवण्यासाठी त्यास योग्य मादी देऊन एक पूर्ण हंगाम वाट पाहावी. मादीची मागणी स्वतंत्र पत्राने करावी.

"हंगाम म्हणजे किती दिवस?" इसाकने विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, पुढचा उन्हाळा."

इसाक ओट्यावर बसला. त्याच्या डोळ्यांपुढे पक्षी नव्हता, साहेब नव्हता. मेहरुनने घासून ठेवलेला रांजण होता. "भाऊसाहेब," तो म्हणाला, "परवा साहेब जेवायला बसणार. मेजावर टर्की नाही, तर मी काय सांगू? माझी नोकरी गेली असं समजू का?"

लीलाधरला त्याची खरंच दया आली. त्याने मूळ हुकूम पुन्हा काढला, बोट ठेवून शब्द न शब्द वाचला, आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

"इसाक, हे ऐक. 'मेजावर टर्की पक्षी सारणासह ठेवण्यात यावा.' बरोबर? यात कापण्याचा उल्लेख आहे का? नाही. भाजण्याचा आहे? नाही. मेजावर पक्षी पाहिजे आणि पक्ष्याबरोबर सारण पाहिजे. आता सारणाची मंजुरी बघ. 'पक्ष्याच्या पोटात घालण्यात यावेत.' पोट मेलेलं असावं असं कुठेही म्हटलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तू सारण कर. आणि त्याला खायला घाल."

चोवीस तारखेला इसाकने हबीबचाचाची आठवण काढून सारण केलं. पाव कुस्करला, लोण्यात कांदा लालसर परतला, दाणे भाजून भरड केले, मनुका टाकल्या, दोन चमचे ताक शिंपडलं. वास असा सुटला की कोतवाल राखण सोडून चुलीपाशी आला. पक्ष्याने परातभर सारण अर्ध्या तासात संपवलं आणि आणखी मागितलं. लीलाधरने समोर उभं राहून खात्री केली आणि शेरा मारला: 'जिन्नस पूर्णपणे पोटात गेले.'

नियम सगळे पाळले गेले. एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे साहेबाचं जेवण. त्याचा हुकुमात कुठेच उल्लेख नव्हता.

ते बेबाबाईच्या लक्षात आलं. पंचवीसच्या सकाळी ती वांग्यांची टोपली घेऊन आली आणि इसाकला गुडघ्यात डोकं घालून बसलेला पाहून तिने टोपली आपटलीच.

"तो साहेब काय उपाशी ऱ्हावाले येस का आठे? थंडीना दिनमा खान्देशमा भरीत सोडीसन मानूस दुसरं काय खास? ऊठ! वांगा मी देस, पऱ्हाटी बी देस."

"अक्का, त्याला मंजुरी नाही."

"भूकले मंजुरी लागस का?" बेबाबाई म्हणाली.

इसाक उठला. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, म्हणजे पऱ्हाटीचा, जाळ केला. त्यात हिरवी, दूधभरली, हातभर लांब वांगी टाकली. साल करपून सुटेपर्यंत उलटीपालटी केली. मग बेबाबाईने लाकडी बडगीत ती मुसळीने ठेचली, भाजलेल्या मिरच्या, लसूण, दाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि वरून खमंग फोडणी. इसाकने पुऱ्या तळल्या. सारणासाठी आणलेल्यांतले मूठभर दाणे मात्र त्याने पक्ष्यापासून चोरून ठेवले होते. चौदा वर्षांतला त्याचा तो पहिला अपहार. तो भरितात गेला.

हॅरिससाहेब बाराला जीपमधून उतरले. उंच, उन्हाने लाल झालेले, कुरणातल्या कुसळांनी विजार भरलेली. मेजावर पांढरी चादर होती. चादरीवर बंगल्यातलं सर्वांत मोठं ताट होतं आणि ताटात पक्षी बसला होता, जिवंत, कांबळ्यासह, पोट इतकं टम्म की त्याला उभं राहवत नव्हतं. लीलाधर हात जोडून एका बाजूला, डॉक्टर अभिमन दुभाषी म्हणून दुसऱ्या बाजूला. इसाक दाराआड उभा राहून मनातल्या मनात दोन खोल्यांचा निरोप घेत होता.

साहेबांनी वाकून ताटाकडे पाहिलं. मग काही बोलले.

"साहेब विचारतात," डॉक्टर म्हणाले, "सारण कुठे आहे?"

"आत," लीलाधर नम्रपणे म्हणाला.

हे भाषांतर होऊन साहेबांपर्यंत पोचायला एक क्षण लागला. मग साहेब जे हसत सुटले ते खुर्चीचा हात धरून हसले, डोळे पुसून पुन्हा हसले. पक्षीही ओरडला. डॉक्टरांना भाषांतर करण्यासारखं काही उरलं नाही. हसू ओसरल्यावर साहेब म्हणाले की, मुंबईत कोणीतरी त्यांना 'नाताळात घरी काय खाता' असं सहज विचारलं होतं आणि त्यांनी सहज सांगितलं होतं. टर्की त्यांनी कधी मागितलीच नव्हती. आणि पाठीमागच्या दारातून हा जो वास येतो आहे, तो कशाचा?

इसाकने भरीत आणलं. साहेबांनी पहिल्या घासाला डोळे मिटले, दुसऱ्याला नाक पुसलं, आणि मग बोलणं बंद करून नऊ पुऱ्या खाल्ल्या. दहावी त्यांनी अर्धी केली, अर्धी पक्ष्याला दिली. जाताना त्यांनी इसाकचा हात हातात घेऊन हलवला आणि बंगल्याच्या बुकात लिहिलं: 'आयुष्यातलं सर्वोत्तम नाताळचं जेवण. टर्कीची सोबत विसरता येणार नाही. खानसामा हिरा आहे.'

त्या संध्याकाळी इसाकने बेबाबाईला सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला, आणि मेहरुनने रांजणात पाणी भरून पाहिलं, कुठे गळत तर नाही ना.

लीलाधरने शब्द पाळला. प्रस्ताव त्याने स्वतःच्या हाताने लिहायला घेतला, आणि दुसऱ्याच ओळीवर अडला. साहेबांनी जेवणाची तारीफ केली होती. पण मंजूर जेवण टर्कीचं होतं. खानसाम्याने केलं ते वांगं. वांग्याची तारीफ झाली असं लिहावं तर इसाकने बिनमंजुरीचा पदार्थ पाहुण्याला घातला हे उघड होतं, आणि त्याची चौकशी लागते. टर्कीची तारीफ झाली असं लिहावं तर टर्कीत इसाकचं कर्तृत्व काय? ती शिजलीच नव्हती. लीलाधरने दोन रात्री विचार केला. शेवटी इसाकला चौकशीपासून वाचवण्यासाठी, निव्वळ त्याच्या भल्यासाठी, त्याने दुसरा मार्ग धरला.

मार्चअखेर उत्तर आलं. परदेशी पाहुण्यांच्या लेखी शेऱ्यावरून सदर पक्ष्याची उपयुक्तता सिद्ध होत असल्याने त्यास बंगल्याच्या आस्थापनेवर कायम करण्यात येत आहे. बंगल्यावरील कायम घटकासाठी राखीव जागा त्यास देण्यात यावी. मादीबाबत पत्रव्यवहार चालू ठेवावा.

मागच्या दोन खोल्यांचं कुलूप निघालं. ते इसाकनेच तेल घालून काढलं. पाटीवरचा 'खानसाम्यासाठी' हा शब्द चुन्याने पुसला, 'कायम' तेवढा राहिला. जिथे मेहरुनची चूल यायची होती तिथे पक्ष्याचं गवत आलं. पाण्यासाठी मोठं भांडं हवं म्हणून कचेरीने विचारणा केली, तेव्हा इसाक घरून रांजण घेऊन आला.

"पंछी पक्का हो गया," मेहरुन म्हणाली. "और तुम?"

इसाकला एकतीस मार्चला कमी करण्यात आलं आणि दोन एप्रिलला 'पक्षी-संगोपक (हंगामी)' म्हणून नेमण्यात आलं. खानसाम्याचं काम जादा म्हणून त्याच्याकडेच राहिलं. एक एप्रिलला पक्षी भुकेने ओरडत होता. इसाकने गूळ घातलेली ज्वारी नेऊन त्याच्यापुढे ठेवली, पण ती खाजगी माणूस म्हणून ठेवली. पक्ष्यानेही तशी समजूत करून घेतली आणि खाल्ली.

ही गोष्ट खानदेशात मी पुष्कळांना सांगितली आहे. जळगावात सांगितली, धुळ्यात सांगितली, कचेऱ्यांत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. सगळे पोट धरून हसतात, सरकारला दोन शिव्या घालतात, आणि हसून झाल्यावर न चुकता एकच प्रश्न विचारतात: "मग त्या टर्कीला मादी मिळाली का हो?"

तुमच्याही मनात तोच आला ना? मिळाली. सत्तावन्न साली मिळाली, आणि तीही कायम आहे. दोघं मजेत आहेत. आणखी काही विचारायचं राहिलं असेल तर आठवून पाहा. आजवर कोणाला आठवलेलं नाही.